चिंचेपाशी थांबणारी मोटार

लेका गोपाळा, माणूस मरतो तर हातातलं भांडण तरी मिटवून मरतो. तू तेवढंही केलं नाहीस. तीन महिने मी तुझ्याशी बोललो नाही, आणि चौथ्या महिन्यात तू ताप घेऊन जो निजलास तो उठलाच नाहीस. आता मी भांडू कुणाशी? माझं तोंड किती चालतं ते अख्ख्या धार गावाला ठाऊक आहे, पण तुझ्यापुढे ते चालवण्यात जी गंमत होती ती दुसऱ्या कुणापुढे नाही. म्हणून ही मापांची वही उघडून बसलोय. मला अक्षर येतं ते छाती, कंबर, बाही लिहिण्यापुरतं. चुकलं तर हसू नकोस.

नाही, हसच खरं तर.

तुझं तेरावं होऊन तीन आठवडे झाले. दुपारचे बारा वाजले की अजून माझा हात आपोआप उजवीकडची चटई मोकळी करतो. कातरण बाजूला सारतो, पाण्याचा लोटा भरून ठेवतो. मग आठवतं. एकदा तर गोपाळा, मान खाली घालून काज करत होतो आणि जळक्या खुरांचा वास आला, तू पागेतून थेट यायचास तेव्हा तुझ्या अंगाला यायचा तोच. मी मान वर केली नाही. अबोला होता ना आपला! सवयीनं लोटा तुझ्याकडे सरकवला. बराच वेळ गेला तरी लोटा उचलल्याचा आवाज आला नाही, तेव्हा बघितलं. चटई रिकामी होती.

पण हे नंतरचं. तुला पहिल्यापासून सांगतो, म्हणजे माझ्याही मनाची घडी बसेल.

चंपाकळी मेली तेव्हा आपण दोघं रडलो होतो, आठवतं? सरदारसाहेबांची हत्तीण ती. तुझ्या घराण्यानं तीन पिढ्या हवेलीच्या घोड्यांना नाल ठोकले, माझ्या घराण्यानं तीन पिढ्या झुली शिवल्या. तिच्या पाठीवरची ती लाल मखमली झूल माझ्या बापाच्या हातची. कडेनं जरीची वेल, दर वितीवर एक कळी. ती वेल भरता भरता बापाचे डोळे गेले. शेवटची कळी त्यानं बोटांनी चाचपून भरली, म्हणून ती जरा वाकडी आहे. ही गोष्ट मी तुला शंभरदा सांगितली असेल. तू दर वेळी नव्यानं ऐकल्यासारखं ‘असं का रे?’ म्हणायचास.

हत्ती गेला आणि मोटार आली. तोवर सरदारसाहेबांनी तुला मुंबईला एका कारखान्यात सहा महिने धाडलं होतं, ते तू मोटार हाकायलाच नाही तर खोलून जोडायलाही शिकून आलास. परत आलास तेव्हा तुझी भाषाच बदलली होती. प्लग काय, मॅग्नेटो काय. मी म्हणालो, ‘नालबंदा, कोणतं रे हे देवाचं नाव?’ तर तू मला बॉनेटचा पत्रा उचलून तो मॅग्नेटो दाखवलास. हाताच्या पंजाएवढं लोखंडी डबडं. म्हणालास, ‘नारूभिया, हिचा जीव यात. हे फिरतं, यातून ठिणगी निघते, ठिणगीनं पेट्रोल पेटतं, आणि मग ही चालते. ठिणगी गेली की ही नुसती भंगार.’ मोटारीला तू पहिल्या दिवसापासून ‘ही’ म्हणायचास. यमुनावहिनी मला म्हणाल्या होत्या, ‘भाऊजी, सवत आणलीय यांनी मुंबईहून.’

मग गेल्या दसऱ्याला सरदारसाहेबांच्या मनात आलं की मिरवणुकीत चंपाकळीच्या जागी मोटार निघावी. आणि देवीला जायचं, तर उघड्या पत्र्यानं कसं जाणार? हवेलीचं वाहन झुलीशिवाय देवीपुढे कधी गेलेलं नाही. मला बोलावणं आलं. झूल कापून मोटारीच्या नाकाडावर बसव. मी तीन रात्री जेवलो नाही, पण कापली. मधली मखमल कापली, बापाची वेल मात्र अख्खी ठेवली. दोन्ही बाजूंनी खाली येईल अशी बेतली, आतून जाड अस्तर दिलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून खालून नाड्या आवळल्या. तू ओरडलास, ‘तोंड मोकळं ठेव, तोंडाशी पाण्याची जाळी आहे!’ तोंड मोकळं ठेवलं. बॉनेटच्या दोन्ही बाजूंना पत्र्यात उभ्या चिरा होत्या. त्यांच्यावर झूल आली. त्याचं तेव्हा तुझ्याही लक्षात आलं नाही आणि माझ्याही. झूल अशी चापून बसली होती की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. मी तर छाती फुगवून हिंडलो चार दिवस.

दसऱ्यापासून दर मंगळवारी मोटार झूल घालून देवीला निघायला लागली. पुढे ढोल, मागे मोटार, माणसाच्या चालीनं. आणि दर मंगळवारी, देवीच्या चढाला लागण्याआधी ती जी मोठी चिंच आहे ना, बरोबर तिच्यापाशी ही बाई बंद पडायची. फुर्र, फुर्र, आणि गप्प. तू उतरून हँडल मारून मारून घामाघूम. अर्ध्या घटकेनं आपोआप चालू, जणू काही झालंच नाही.

करीमचाचा, चंपाकळीचा म्हातारा माहूत, पहिल्याच दिवशी बोलला होता. ‘बेटा, झूल उसकी है. किसी और को पहनाओगे तो वो आएगी ही.’ माझ्या अंगावर काटा आला. तू मात्र स्क्रू पिळायचा पेचकस दाताखाली धरून म्हणालास, ‘चाचा, हत्तीण मॅग्नेटोत मावायची नाही.’

तेव्हापासून आपला वाद. मी म्हणायचो पेट्रोल. मला काय कळत होतं म्हणा, पण वाद घालायला कळावं लागतं थोडंच? मी म्हणायचो, दूध उतू जातं तसं नळीतलं पेट्रोल तापून उकळत असणार. तू ऐकून घेतलंस. खरंच नळीला ओलं फडकं गुंडाळलंस, आणि पुढच्या मंगळवारी मोटार ओल्या फडक्यासकट थांबली. मग टाकी धुतलीस, गाळणी धुतली, प्लग राखेनं घासलेस, तारा बदलल्यास. एकेक करून. ‘दोन गोष्टी एकदम बदलायच्या नाहीत भिया, मग गुन्हेगार सापडत नाही.’ हे तुझं वाक्य मी माझ्या पोराला शिवण शिकवताना वापरतो.

आणि मग त्या मार्गशीर्षातल्या मंगळवारी तू मला हाताला धरून मोटारीशी नेलंस. प्लगची तार काढलीस, ती लोखंडापासून गव्हाच्या दाण्याएवढी लांब धरलीस आणि म्हणालास, ‘मार हँडल.’ मी मारलं. काही नाही. ‘बघ, पेट्रोलचा यात संबंधच नाही. ठिणगीच नाही.’ मग झूल उचललीस, पत्रा उघडलास, आपण चिंचेच्या पारावर बसून पान खाल्लं. पुन्हा म्हणालास, ‘मार.’ चट्! निळी ठिणगी उडाली. मी दचकून मागे पडलो आणि तू पोट धरधरून हसलास. तसा हसताना तुला नंतर कधी बघितलं नाही.

कारण तू मला घरी चुलीपाशी बसून दाखवलंस. वहिनींची फुटकी लाखेची बांगडी निखाऱ्यावर धरलीस. ती मऊ पडली, बोटाला चिकटली. ‘मॅग्नेटोच्या आत केसाएवढी तार गुंडाळलेली असते, आणि तारेला तारेपासून वेगळं ठेवायला हीच लाख. तापली की मऊ. मऊ झाली की ठिणगी बाहेर यायच्या ऐवजी आतल्या आत झिरपते. गार झाली की पुन्हा ठीक.’ वहिनी म्हणाल्या, ‘आणि माझी बांगडी कोण ठीक करणार?’

एवढं झाल्यावर प्रश्न एकच उरला, की ती तापते का? चैत्रात तू सरदारसाहेबांना घेऊन धामनोदला गेलास. घाट उतरून, पुन्हा चढून, रणरणत्या उन्हात. मोटार एकदाही थांबली नाही. परत आलास तो हवेलीवर न जाता सरळ माझ्या दुकानात. तोंडावर धुळीचा थर, डोळे लाल. पाणी प्यायलास आणि म्हणालास, ‘नारूभिया, थंडीत देवीला जाताना थांबते, उन्हाळ्यात धामनोदला जाऊन येते. फरक काय सांग.’

मला कळलं होतं रे. तू ‘फरक’ म्हणालास तेव्हाच कळलं. धामनोदला जाताना झूल नव्हती.

तू हळूच बोललास, माझ्या स्वभावाला भिऊन. बाजूच्या चिरांमधून तिची वाफ बाहेर जाते, झुलीनं त्या बंद होतात, त्यात ढोलाच्या मागून मुंगीच्या चालीनं जायचं, म्हणजे वारा नाही. चिंचेचा काही गुन्हा नाही, हवेलीपासून तिथवर पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात तिचं पोट तापतं. तेव्हा बाजूंनी चार चार फटी पाड, बस. मी म्हणालो, ‘कुठे पाडू?’ तू वेलीवर बोट ठेवलंस.

तिथे माझं डोकं फिरलं. काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. एक लिहितो, कारण तेच टोचतंय. मी म्हणालो, ‘नाल ठोकणाऱ्याला जरीतलं काय कळतं?’ तू वेलीवरचं बोट उचललंस. जरा वेळानं म्हणालास, ‘मग सरकारांना सांगू का, की झूल नको?’ मी म्हणालो, ‘सांग की! बघू तुझी छाती.’ तू सांगितलं नाहीस. मी विचारलंही नाही का ते. झूल नको झाली असती तर हवेलीत मला काय काम उरलं असतं, हे तुला माझ्याआधी कळलं होतं.

आणि वैशाखात देवासची वरात आली.

सरदारसाहेबांच्या पुतण्याचं लग्न, मुलगी देवासची. तू मोटार हाकत होतास आणि झुलीचा मानकरी म्हणून मी तुझ्या शेजारी. इंदूर ओलांडेपर्यंत आपण एक शब्द बोललो नाही. देवासच्या वेशीवर मी झूल चढवली, नाड्या आवळल्या. तू बघत होतास. मला वाटलं आता बोलेल. तू नुसता म्हणालास, ‘नाड्या जरा सैल ठेव.’ मी आणखी आवळल्या. अगदी तुझ्याकडे बघून बघून आवळल्या, गोपाळा. हे मी परवापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

भर रस्त्यात थांबली. आत नवरदेव बसलेला, बाशिंगाखालून घाम गळतोय, वाजंत्री पुढे निघून गेलेली. देवास दोघा भावांच्या घराण्यांत वाटलेलं, रस्त्याच्या एका अंगाला थोरल्या पातीचं राज्य आणि दुसऱ्या अंगाला धाकट्या पातीचं. त्या हालातही तू माझ्या कानाशी पुटपुटलास, ‘एक चाक थोरल्या पातीत, एक चाक धाकट्या पातीत, आणि ठिणगी कुठेच नाही.’ मला हसू आलं होतं. मी दाबलं. तेवढ्यात गर्दीतून कुणी ओरडलं, ‘अरे भिया, हाथी मरी ग्यो, ने अब मोटर बी मरी गी!’ सगळा रस्ता खदखदून हसला. शेवटी बैलजोडी आणून मोटार ओढली. लाल मखमल ल्यालेली मोटार, पुढे दोन बैल, आत नवरदेव. मुलीकडच्यांनी तोंडावर पदर घेतले.

मांडवाशी सरदारसाहेबांनी तुला सगळ्यांसमोर उभं केलं. मी झूल काढून घडी करून हातावर घेतली होती. माझ्या हाताला अजून तिची ऊब लागत होती, चुलीवरून उतरलेल्या तव्यासारखी. साहेब म्हणाले, ‘काय झालं?’ तू माझ्याकडे बघितलंस. एवढंसंच. मग खाली बघून म्हणालास, ‘माझी हयगय झाली सरकार. तारा तपासायच्या राहिल्या.’

मी बोलू शकलो असतो. माझं तोंड, ज्याला अख्खं धार भितं, ते तेव्हा शिवल्यासारखं बंद होतं. तुझ्या हातून मोटार गेली, तू पुन्हा पागेत नाल ठोकायला बसलास. मॅग्नेटो मुंबईला गेला, नवा ड्रायव्हर इंदुराहून आला, आणि ज्यानं सरदारांची लग्नात शोभा केली तो म्हणून तुला लोक दाखवायला लागले. आणि मी तुझ्याशीच अबोला धरला. लोकांना वाटलं, तुझ्या हयगयीमुळे माझ्या झुलीची बेअब्रू झाली म्हणून मी चिडलोय. मी तसं वाटू दिलं. खरं सांगू? मला तुझा राग आला होता. कुणी सांगितलं होतं उपकार करायला? फेडू कुठे आता मी ते?

तू तरी कसला निर्लज्ज! मी बोलत नाही तरी दर दुपारी यायचास. चटईवर बसायचास, मोटार बंद म्हणून दुकानात पडलेली झूल ओढून घ्यायचास आणि वेलीवरून अंगठा फिरवत राहायचास, कळीपासून कळीपर्यंत वीत लावायचास. मला वाटायचं, मला टोचायला हे सगळं. मी मान वर करत नसे. लोटा मात्र सरकवत असे.

मग ताप. मी आलो नाही. उद्या जाऊ, परवा जाऊ. तिसऱ्या दिवशी करीमचाचा दुकानाच्या पायरीवर येऊन नुसता उभा राहिला. मी सुई खाली ठेवली.

तेराव्याला यमुनावहिनींनी माझ्या हातात फडक्यात बांधलेलं काही ठेवलं. म्हणाल्या, ‘नारूभियाला द्या म्हणाले होते.’ वरूनच कळलं, आत तुझा पेचकस आहे. मला ते फडकं सोडवेना. फळीवर ठेवून दिलं, कापडाच्या ताग्यांमागे, मला दिसणार नाही असं. तरी दिसायचं.

त्याच आठवड्यात मुंबईहून मॅग्नेटो आला, आतली तार नवी, लाख नवी. मंगळवारी झूल चढवली, ढोल निघाले, आणि मोटार चिंचेपाशी थांबली. पुढच्या मंगळवारीही थांबली. नवा ड्रायव्हर टोपी काढून म्हणाला, ‘साब, मशीन में कुछ नहीं है.’ झालं. मशीन नवं, ड्रायव्हर नवा, आणि जागा तीच. मग कोण थांबवतंय? गावानं एका दिवसात उत्तर काढलं. गोपाळ थांबवतोय. मोटार काढून घेतली ना त्याची, जीव अडकलाय त्याचा.

आणि मी, गोपाळा, मी हे ऐकून हलका झालो. तुला चीड येईल, पण ऐक. दुसऱ्या मंगळवारी मोटार थांबली तेव्हा मी गर्दीतून चिंचेकडे बघितलं आणि मला वाटलं, आहेस तू. पारावर बसून पान खातोयस आणि माझी मजा बघतोयस. सगळं ठाऊक असून मला तसं वाटलं. घरी येऊन त्या रात्री मी पोटभर जेवलो, तू गेल्यापासून पहिल्यांदा.

मग यमुनावहिनी आल्या. भर दुपारी, तुझ्याच वेळेला. पायरीवर बसल्या, आत आल्या नाहीत. म्हणाल्या, ‘भाऊजी, परवा मंगळवारी चिंचेत खिळा ठोकणार आहेत. देवरुषी बोलावलाय. यांना बांधून टाकणार म्हणे झाडाला, कायमचं.’

मी सुईत दोरा ओवायला लागलो.

‘मी देवीला कशी जाऊ त्या झाडाखालून? नवऱ्याच्या छातीत खिळा ठोकलेला बघत?’ त्यांनी पदर डोळ्याला लावला नाही, सरळ माझ्याकडे बघितलं. ‘हे असे अडकून राहणारे नव्हते. घोडा लाथ मारून गेला तरी दुसऱ्या दिवशी त्याच्याशी गप्पा मारायचे. तुम्हाला काहीतरी ठाऊक आहे. देवासहून आल्यापासून तुमचं तोंड बघतेय मी. बोला नाही तर नका बोलू, पण खिळा ठोकला ना, तर तो तुम्ही ठोकलात असं मी धरीन.’

त्या गेल्या. मी ताग्यांमागून फडकं काढलं आणि सोडलं.

पेचकस होता. आणि त्याच्याभोवती गुंडाळलेला एक जुन्या वर्तमानपत्राचा लांब कागद. उलगडला तर त्यात फटी कापलेल्या. आधी कळेना काय ते. मग कळलं. फर्मा होता तो. कापड बेतायला आम्ही शिंपी कागदाचा फर्मा करतो ना, तसा. तू कधी कात्री धरली नव्हतीस, नाल कापायच्या छिन्नीनं कापला असशील, कडा सगळ्या उंदरानं कुरतडल्यासारख्या. मी तो झुलीवर पसरला. एकूण एक फट वेलीच्या दोन फांद्यांच्या मधे पडत होती, साध्या मखमलीवर. चार मोठ्या फटींऐवजी लहान लहान सात डावीकडे, सात उजवीकडे. बापाची वाकडी कळी जिथे आहे, तिथे तू फटसुद्धा वाकडी कापली होतीस, तिला चुकवून.

जरीचा एक धागा तुटणार नव्हता.

तीन महिने तू दुपारी हे करत होतास. आणि मी लोटा सरकवत होतो! कधीतरी नुसतं ‘काय करतोस रे?’ असं विचारलं असतं तर काय माझी जीभ झडली असती? नाल ठोकणाऱ्याला जरीतलं काय कळतं म्हणालो होतो मी. माझ्यापेक्षा जास्त कळत होतं रे. मी त्या वेलीला हात लावू देत नव्हतो, आणि तू तिची एकेक फांदी पाठ केली होतीस. मी दुकानाचं दार लावून घेतलं आणि त्या मखमलीत तोंड खुपसून रडलो. चंपाकळी गेली तेव्हा तू शेजारी होतास, या वेळी कुणी नव्हतं.

परवाचा मंगळवार. मी काखेत फर्मा, कमरेला कात्री, हातात तुझा पेचकस घेऊन चिंचेपाशी आधीच जाऊन उभा राहिलो. ढोल आले, मोटार आली, आणि फुर्र करून थांबली. देवरुष्यानं लिंबू काढलं, हातभर खिळा काढला. मी मधे गेलो. म्हणालो, ‘सरकार, खिळा ठोकायचाच तर माझ्या झुलीत ठोका. भूत नाही, झूल थांबवतेय मोटार.’

सरदारसाहेब म्हणाले, ‘शुद्धीवर आहेस का नारायण?’

मी तू शिकवलंस तसं केलं. एकेक करून. नव्या ड्रायव्हरला प्लगची तार काढायला लावली, तुझ्या पेचकसानं ती लोखंडापासून दाण्याएवढी लांब धरली, हँडल मारायला सांगितलं. ठिणगी नाही. साहेबांना वाकून बघायला लावलं. मग झूल काढली, पत्रा उघडला, सगळ्यांना पारावर बसायला सांगितलं. देवरुषी खिळा हातात घेऊन तसाच उभा. पान खाण्याएवढा वेळ गेला. मग म्हणालो, ‘मार.’ चट्! निळी. साहेब दचकून मागे सरले, अगदी माझ्यासारखे.

मग मी सगळं सांगितलं. चिरा, वाफ, लाख, धामनोद, देवास. नाड्या आवळलेल्यासुद्धा. साहेब म्हणाले, ‘गोपाळ तर हयगय म्हणाला होता.’ मी म्हणालो, ‘खोटं बोलला सरकार. माझ्यासाठी.’ साहेब बायकांच्या गर्दीकडे वळले, यमुनावहिनी मागे उभ्या होत्या, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘बाई, तुमच्या माणसाची चूक नव्हती. आमची झाली.’ मला म्हणाले, ‘तुझं काय करायचं ते दसऱ्यानंतर बघू.’ काय करायचं ते करोत. करीमचाचा मात्र काठी आपटून म्हणाला, ‘हमने पहले दिन क्या कहा था? झूल की ही बात है!’ त्या म्हाताऱ्याशी आता कोण वाद घालणार?

मी झूल पारावर पसरली, फर्मा ठेवला आणि कात्री लावली. तू आखलंस तसं कापलं, सात आणि सात.

साहेबांनी हुकूम केला, हवेलीवर परत जा आणि पहिल्यापासून या. सगळे गेले. मी एकटा चिंचेखाली थांबलो. ऊन चढलं होतं. दुरून ढोल ऐकू यायला लागले. यमुनावहिनी वळणावर उभ्या होत्या, हात जोडून. मोटार आली, लाल मखमल ल्यालेली, बाजूच्या फटींमधून हवा नुसती थरथरत होती. चिंचेची सावली आली. आणि ती गेली, गोपाळा. एक ठोका न चुकता, माझ्यासमोरून, सरळ चढावर. लोक ओरडले, ढोल दुप्पट झाले. वहिनी रडत होत्या आणि हसत होत्या.

आणि मी? मी धावत मोटारीमागे जायला हवं होतं. मी पारावर बसलो. तू गेल्यावरही ती थांबत होती तोवर तू कुठेतरी होतास, निदान लोक तरी तसं म्हणत होते. तुझं नाव धुऊन निघालं, खिळा टळला, सगळं बरं झालं. पण खरं सांगतो, ती चिंचेपाशी आली तेव्हा एका क्षणापुरतं मी मनात म्हणालो होतो, थांब रे, एकदाच.